जुन्या बुलेटचे तीन पार्ट आणि अमेरिकेचा बदललेला कस्टम नियम

हे प्रकरण २०२५ च्या ऑगस्ट ते डिसेंबर या काळातलं आहे. ज्यांच्याबाबत घडलं त्यांना विचारून लिहितोय. त्यांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी छोट्या विक्रेत्यांची निर्यातीची कागदपत्रं करून देतो, त्यामुळे या सगळ्यात माझाही हात होता. माझा एक सल्ला चुकला, तोही खाली येईलच.

पार्श्वभूमी

पुण्यातले एक काका आणि त्यांचा पुतण्या. काकांची हयात नाना पेठेत गेली. आधी गॅरेजमधला पोऱ्या, मग फिटर, मग स्वतःचं दोन गाड्या उभ्या राहतील एवढं गॅरेज. गुडघे बोलायला लागल्यावर त्यांनी गॅरेज बंद केलं, पण बुधवार-रविवारचा जुना बाजार काही सुटला नाही. तिथल्या ढिगातून जुन्या बुलेटचे पार्ट वेचायचे, घरी आणून डिझेलमध्ये भिजत घालायचे, ब्रशने घासायचे आणि तेलाचा हात फिरवून जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळून ठेवायचे, हा त्यांचा नेम. माळ्यावर अशी गाठोडी रांगेने लावलेली आहेत. कशात काय आहे ते काका न सोडता सांगतात.

या पार्टना गिऱ्हाईक आहे, आणि ते मुख्यतः बाहेर आहे. बुलेट मूळची इंग्लंडमधल्या रेडिचची. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली. पुढे १९७० पर्यंत इंग्लंडमधला कारखाना बंद पडला, पण मद्रासचा चालूच राहिला आणि जवळपास तीच गाडी कित्येक वर्षं बनवत राहिला. त्यामुळे आज अमेरिकेत किंवा युरोपात कुणी साठ-सत्तर वर्षांपूर्वीची बुलेट उभी करायला घेतली, की त्याला पार्टसाठी भारताकडे बघावं लागतं. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांवर इंग्लंडहून आलेले स्मिथ्सचे मीटर, अमालचे कार्बोरेटर, लुकासचे दिवे असायचे. त्यातलं बरंचसं अजून भंगारात सापडतं.

पुतण्याने २०१७ मध्ये हे पार्ट एका परदेशी विक्री संकेतस्थळावर टाकायला सुरुवात केली. सुरुवातीला माल इंग्लंड आणि जर्मनीला जायचा. १ जानेवारी २०२१ पासून इंग्लंडने आणि १ जुलै २०२१ पासून युरोपीय संघाने लहान पार्सलवरची कराची सूट काढून टाकली. तिकडच्या गिऱ्हाइकाला दारात व्हॅट आणि वर हाताळणीचे पैसे भरावे लागू लागले, तशी मागणी आटली. अमेरिकेत मात्र २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल बिनशुल्क आत जात होतं. महिन्याला नऊ-दहा पार्सलं निघायची आणि त्यातली सात-आठ अमेरिकेची असायची. दोन किलोच्या आतली टपाल खात्याच्या ट्रॅक्ड पॅकेट सेवेने जायची, त्यावरची टपालाच्याच जलद सेवेने, म्हणजे ईएमएसने.

कस्टमच्या फॉर्मवर मजकूर एकच असायचा: ‘जुने मोटरसायकल पार्ट’, अमुक नग, किंमत १०० डॉलर. माल साठचा असो की तीनशेचा, आकडा तोच. कर चुकवावा असं काही मनात नव्हतं. अमेरिकेत कर नव्हताच. युरोपच्या दिवसांत लागलेली सवय तशीच राहिली होती.

अडचण

१८ ऑगस्टला अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या एका जुन्या गिऱ्हाइकाने तीन पार्ट घेतले. स्मिथ्सचा स्पीडोमीटर १७० डॉलर, अमाल मोनोब्लॉक कार्बोरेटर ९० डॉलर आणि मद्रासच्या गाडीचं गिअरबॉक्सचं ॲल्युमिनियमचं कव्हर ८० डॉलर. एकूण माल ३४० डॉलरचा. पैसे आले, २१ ऑगस्टला पार्सल ईएमएसने बुक झालं.

तोवर अमेरिकेत काय झालं होतं ते इथे सांगायला हवं. ३० जुलैला तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून ८०० डॉलरची सूट सगळ्याच देशांसाठी बंद केली होती. अंमल २९ ऑगस्टपासून. भारतीय मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के जादा शुल्क लागू झालं होतं आणि आणखी २५ टक्के २७ ऑगस्टपासून लागायचं होतं. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. आपण गणपती बसवत असताना भारतातून जाणाऱ्या मालावरचं जादा शुल्क ५० टक्क्यांवर गेलं.

दर वाढला हा अडचणीचा एक भाग. त्याहून अवघड होती वसुलीची पद्धत. आजवर टपालाने गेलेल्या वस्तूचं शुल्क माल पोचल्यावर तिकडचं कस्टम ठरवायचं आणि घेणाऱ्याकडून वसूल करायचं. नव्या नियमात हे पैसे आधीच जमा करून अमेरिकेच्या कस्टमकडे पोचवायचे होते, तेही तिथल्या कस्टमने मान्यता दिलेल्या मध्यस्थामार्फत किंवा माल नेणाऱ्या विमान कंपनीमार्फत. हे कसं करायचं याची तयारी कुणाचीच नव्हती. विमान कंपन्यांनी टपाल घ्यायला नकार दिला. भारतीय टपाल खात्याने २३ ऑगस्टला जाहीर केलं की २५ तारखेपासून अमेरिकेचं बुकिंग बंद, फक्त पत्रं-कागदपत्रं आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू चालू. महिनाअखेर तेही थांबलं. हे भारतापुरतं नव्हतं. जागतिक टपाल संघटनेच्या आकड्यांनुसार ८८ टपाल संस्थांनी अमेरिकेची सेवा पूर्ण किंवा काही प्रमाणात थांबवली होती, आणि २९ ऑगस्टला अमेरिकेकडे जाणारं टपाल आठवड्यापूर्वीच्या तुलनेत ८१ टक्क्यांनी घटलं होतं.

आमचं पार्सल मुंबईपर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. पुतण्या रोज सकाळी ट्रॅकिंग उघडायचा, रोज तीच ओळ दिसायची. १२ सप्टेंबरला खोकं घरी परत आलं.

गिऱ्हाइकाचे पैसे आपल्याकडे, माल आपल्याकडे, आणि संकेतस्थळाची पोचवण्याची मुदत उलटत आलेली.

कोणते पर्याय होते

त्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. खोकं टेबलावर उघडं ठेवलेलं होतं.

पहिला पर्याय काकांनीच काढला. “अरे, भेट म्हणून लिहू. शंभर डॉलरच्या आत तीन वेगळी पार्सलं करू. कुणी कुरिअरवाला घेईलच की.” त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. आयुष्यभर ज्या पावतीला काही अर्थ नव्हता तिच्यावर काय लिहायचं, एवढाच प्रश्न त्यांना दिसत होता. पुतण्या म्हणाला, “काका, मीटर एकशेसत्तरचा आहे, त्याचे तुकडे करणार का? आणि पैसे घेऊन पाठवलेली वस्तू भेट कशी होईल?” विक्रीचा व्यवहार संकेतस्थळावर नोंदलेला होता. खोटं लिहिलेलं उघड झालं असतं तर माल जप्त झाला असता आणि गिऱ्हाईकही अडकलं असतं. शिवाय एक जुनी जखम होतीच. २०२३ मध्ये १५० डॉलरचा एक डायनॅमो वाटेत हरवला, आणि फॉर्मवर १०० लिहिलेलं असल्याने भरपाई मागताना वरच्या पन्नासचं नावही काढता आलं नाही. भेटवस्तूचा विषय तिथेच संपला.

दुसरा पर्याय पैसे परत करण्याचा. सगळ्यात स्वच्छ. पण गिऱ्हाईक सहा वर्षांपासूनचं, आणि ते मीटरची वाट बघत होतं.

तिसरा पर्याय थांबण्याचा. इथे माझं चुकलं. ऑगस्टअखेर पुतण्याने मला फोनवर विचारलं तेव्हा मी सांगितलं होतं, “आठ-दहा दिवसांत टपाल सुरू होईल, धीर धर.” एवढं मोठं खातं फार काळ दार बंद ठेवणार नाही, असा माझा समज. प्रत्यक्षात २५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर असे एक्कावन्न दिवस गेले. माझ्या शब्दावर विसंबून त्याने गिऱ्हाइकालाही तेच कळवलं होतं. सप्टेंबरच्या मध्यावर त्याला स्वतःचंच म्हणणं मागे घ्यावं लागलं.

चौथा पर्याय खासगी कुरिअरचा. ते चालू होते, कारण शुल्क आधी भरून माल सोडवण्याची त्यांची यंत्रणा पूर्वीपासून होती. एका किलोचा भाव आला ३,९०० रुपये, शुल्क भरण्याच्या कामाचे वर १,३०० आणि शुल्क वेगळं. टपालाने तेच वजन सहाशेच्या आसपास गेलं असतं. तिन्ही पार्ट कुरिअरने पाठवले तर काकांच्या हाताला काहीच लागत नव्हतं.

बोलणं इथे अडलं. काका मीटर हातात घेऊन बसले होते. खिडकीकडे तोंड करून त्यांनी तो तिरका धरला आणि काचेवरून अंगठा फिरवला. “यावर पन्नास टक्के कशाला? हा आपला नाहीच. हा बघ, विलायती.” तबकडीच्या तळाशी, कड्याला लागून, तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक अक्षरांत इंग्लंडमध्ये बनवल्याचं छापलेलं होतं.

त्या क्षणी प्रकरण फिरलं. ५० टक्के हा दर भारतात बनलेल्या मालाचा होता. शुल्क ठरतं ते वस्तू कुठे बनली यावर. ती कुठून पाठवली, मधली साठ वर्षं कुठल्या माळ्यावर पडून होती, याने तिचं मूळ बदलत नाही. घासूनपुसून स्वच्छ केल्यानेही बदलत नाही. त्या वेळी इंग्लंडच्या मालावर अमेरिकेचा जादा दर १० टक्के होता. मी रोज कागदपत्रं करतो, मला हा नियम माहीत होता. तरी जुन्या, वापरलेल्या पार्टला तो लावून बघायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्या नजरेत खोक्यात ‘जुने पार्ट’ होते. काकांच्या नजरेत तीन वेगवेगळ्या घरच्या तीन वस्तू होत्या.

काय ठरलं आणि काय केलं

आम्ही तिन्ही पार्ट टेबलावर वेगळे मांडले आणि प्रत्येकाचा कागद वेगळा केला.

मीटर: इंग्लंडचा, निर्यातीचा (वस्तूचा वर्ग सांगणारा) कोड ९०२९.२०, किंमत १७०. कार्बोरेटर: हाही इंग्लंडचा, बॉडीवर नंबर आणि देशाचं नाव ठोकलेलं, कोड ८४०९.९१, किंमत ९०. गिअरबॉक्सचं कव्हर: मद्रासचं, कोड ८७१४.१०, किंमत ८०. कव्हरवर काही लिहिलेलं नव्हतं. काकांनी आतल्या बाजूची ओतकामाची शिवण दाखवली आणि सांगितलं की मूळ इंग्लिश कव्हरची शिवण याहून बारीक असते. मी ते लगेच मानलं, पण कस्टमपुढे हाताला लागणारी शिवण हा पुरावा होत नाही. शंका असेल तिथे भारत लिहायचं, हा नियम आम्ही तिथेच करून टाकला.

एकच ‘मोटरसायकल पार्ट’ म्हणून लिहिलेल्या तीन वस्तूंना तीन कोड लागले, हे पुतण्याला नवं होतं. कार्बोरेटर इंजिनाच्या भागांत मोडतो, स्पीडोमीटर मोजमापाच्या उपकरणांत जातो, दिवे आणि हॉर्न विजेच्या सामानात. गाडीच्या सांगाड्याचे आणि गिअरबॉक्सचे भाग तेवढे ८७१४ खाली येतात.

मग हिशेब. कुरिअरचा खर्च ५,२०० आणि टपालाचा ६००, म्हणजे कुरिअर ४,६०० रुपयांनी महाग. त्या बदल्यात इंग्लिश पार्टवर ५० ऐवजी १० टक्के शुल्क, म्हणजे किमतीच्या ४० टक्क्यांची बचत. डॉलरला ८८ रुपये धरले तर साधारण १३० डॉलरच्या वरचा इंग्लिश पार्ट कुरिअरने पाठवणं परवडतं, त्याखालचा नाही. मीटर वर बसत होता. कार्बोरेटर इंग्लिश असूनही खाली राहत होता. टपाल सुरू झाल्यावर कोणता दर लावेल हे तेव्हा कळलेलं नव्हतं, त्यामुळे ५० टक्के हा आमचा वाईटात वाईट अंदाज होता. पुढे तोच खरा ठरला.

गिऱ्हाइकाला पुतण्याने सगळं जसंच्या तसं कळवलं. मीटर आत्ता कुरिअरने पाठवतो, त्याचं शुल्क आम्ही भरतो. बाकीचे दोन पार्ट टपाल सुरू झाल्यावर, शुल्क निम्मं-निम्मं. नको असेल तर त्या दोन पार्टचे १७० डॉलर आजच परत. तीन तासांत उत्तर आलं: मीटर पाठवा, बाकीचं थांबतो.

मीटर १९ सप्टेंबरला निघाला. कुरिअरच्या अमेरिकेतल्या कचेरीने तो चार दिवस अडवला. विचारणा होती की भारतातून आलेल्या वस्तूचं मूळ इंग्लंड कसं. पुतण्याकडे उत्तर तयार होतं, कारण पॅकिंगआधी काकांनी त्याच्याकडून सहा फोटो काढून घेतले होते. तबकडीचा जवळून, मागच्या नंबराचा, केबल जोडायच्या आट्यांचा, आणि तिन्ही एका चौकटीत दिसतील असे. सोबत इन्व्हॉइसवर स्पष्ट ओळ: वापरलेली वस्तू, बनावट इंग्लंड, पाठवणी भारतातून. माल १० टक्क्यांवर सुटला. १७ डॉलर शुल्क पडलं, म्हणजे १,४९६ रुपये. २९ सप्टेंबरला मीटर ओहायोत पोचला.

गिअरबॉक्सचं कव्हर कुरिअरने न पाठवण्यामागे आणखी एक कारण होतं. ॲल्युमिनियम आहे म्हटल्यावर कुरिअरच्या फॉर्मवर धातूचं वजन, त्याची किंमत आणि तो कुठे ओतला गेला हे रकाने उघडले. अमेरिकेने पोलाद आणि ॲल्युमिनियमवर, आणि त्यांच्यापासून बनलेल्या कितीतरी वस्तूंवर वेगळं शुल्क लावलेलं होतं आणि १८ ऑगस्टला त्या यादीत आणखी ४०७ कोड घातले गेले. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या कव्हरचं ॲल्युमिनियम कुठे ओतलं हे कोण सांगणार? चूक लिहिण्यापेक्षा थांबलेलं बरं.

थांबलेले दिवस वाया गेले नाहीत. पुतण्याने ५०० रुपये भरून परकीय व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरून आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा नोंदणी क्रमांक काढला. व्यापारी माल टपालाने पाठवायचा तर तो आधीच असायला हवा होता. डाकघर निर्यात केंद्राच्या पोर्टलवर खातं उघडलं. तिथे निर्यातीचं बिल ऑनलाइन भरता येतं आणि प्रत्येक वस्तू कोडसकट वेगळ्या ओळीत जाते. परत आलेल्या पार्सलच्या टपालखर्चाच्या परताव्यासाठी अर्ज केला, कारण खात्याने तशी सोय जाहीर केली होती.

काकांनी त्यांच्या बाजूचं काम केलं. कार्बोरेटर पुन्हा पूर्ण खोलला. फ्लोटच्या वाटीत आणि जेटच्या भोकात पेट्रोलचा वास राहतो, आणि वास म्हणजे विमानासाठी धोक्याचा माल. साबणाच्या पाण्यात धुऊन, हवेने फुंकून, दोन दिवस उन्हात ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो माझ्या नाकापुढे धरला. नुसत्या धातूचा वास येत होता. खोकंही बदललं. पूर्वी जड पार्टसाठी ते फळ्यांची पेटी ठोकायचे. कच्च्या लाकडाचं पॅकिंग परदेशी पाठवायचं तर उष्णतेची प्रक्रिया झाल्याचा शिक्का लागतो, नाहीतर माल अडकतो. आता जाड पुठ्ठ्याच्या एका खोक्यात दुसरं, मध्ये थर्माकोल. अस्तर लावलेले जुने ब्रेक शू त्यांनी विक्रीतून काढलेच. त्या काळच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असतं, आणि अमेरिकेने २०२४ मध्ये त्यावर बंदी घातली आहे.

१५ ऑक्टोबरला टपाल सुरू झालं. नवी पद्धत तेव्हा अशी होती: जाहीर केलेल्या किमतीच्या ५० टक्के शुल्क पाठवणाऱ्याने इथे काउंटरवरच भरायचं, पुढचं टपाल खातं बघणार, त्यासाठी वेगळा आकार नाही. कुरिअरने जाणाऱ्या मालाला लागणारी बाकीची शुल्कं टपालाच्या वस्तूंना लावायची नाहीत, त्यामुळे ॲल्युमिनियमचा गुंता सुटला. दुसरीकडे, कार्बोरेटर इंग्लंडचा आहे हे सांगून काउंटरवर उपयोग नव्हता, तिथे सरसकट एकच दर.

इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकेच्या आदेशात टपालासाठी दुसरीही रीत होती, दर पार्सलला ठोक रक्कम: देशाच्या दराप्रमाणे ८०, १६० किंवा २०० डॉलर. भारतासारख्या २५ टक्क्यांहून जास्त दर असलेल्या देशांना २०० पडले असते. पंधरा डॉलरच्या टाकीवरच्या बिल्ल्यावर दोनशे डॉलर. आपल्याकडे टक्केवारीची रीत लागू झाली म्हणून असा किरकोळ माल तेव्हा जाऊ शकत होता तरी.

१७ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या दिवशी, दोन्ही पार्ट एका खोक्यातून गेले. जाहीर किंमत १७० डॉलर, शुल्क ८५ डॉलर, म्हणजे ७,४८० रुपये. काकांनी काउंटरवर नोटा मोजून दिल्या. पावती घडी करून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली.

काय निष्पन्न झालं

पार्सल नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोचलं. गिऱ्हाइकाने ठरल्याप्रमाणे निम्मं शुल्क पाठवलं. पहिल्या टपालखर्चाचा परतावाही मिळाला. काकांच्या बाजूने मीटरच्या कुरिअरचे ५,२००, त्याचं शुल्क १,४९६ आणि दुसऱ्या पार्सलच्या शुल्काचा निम्मा वाटा ३,७४०, असे मिळून १०,४३६ रुपये गेले. एरवी या मालावर जेवढं सुटलं असतं त्यातला निम्म्याहून जास्त भाग असा गेला.

धंद्याचं एकूण चित्र म्हणाल तर अमेरिकेची पार्सलं सात-आठवरून डिसेंबरात तीनवर आली. वीस-तीस डॉलरच्या वस्तू, बिल्ले, लिव्हर, फूटरेस्टचे रबर, एकेकटे विकले जाईनासे झाले. महाग इंग्लिश पार्टना मात्र मागणी टिकून आहे, आणि ते मूळ देशाच्या पुराव्यासह कुरिअरने जातात. कोल्हापूर आणि बंगळूरचे दोन मेकॅनिक आता नियमित माल घेतात. भाव कमी मिळतो, पण ना कोड लागतो ना शुल्क.

वेगळं काय करता आलं असतं

१८ ऑगस्टची ऑर्डर घ्यायलाच नको होती, किंवा निदान घेताना गिऱ्हाइकाला सावध करायला हवं होतं. आदेश ३० जुलैला निघाला होता. त्यांचं पार्सल पोचायला दहा ते चौदा दिवस लागायचे. २१ तारखेला निघालेलं पार्सल २९ च्या आत पोचणं शक्यच नव्हतं. हा हिशेब त्यांना सुचला नाही यात नवल नाही. मला सुचायला हवा होता, कारण माझं ते कामच आहे, आणि माझ्याकडे त्यांच्यासारखे आणखी आठ-दहा जण आहेत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी प्रत्येकाला एक फोन केला असता तर यातलं अर्धं टळलं असतं.

थांबा म्हणून सांगताना मी मुदत द्यायला नको होती. टपाल कधी सुरू होईल हे ठरवणारे लोक माझ्या ओळखीचे नव्हते. ‘माहीत नाही, महिन्यापलीकडेही जाईल असं धरून चला’ असं म्हटलं असतं तर खोकं परत आल्याबरोबर मीटर कुरिअरने निघाला असता.

किमतीचंही एक शिकण्यासारखं आहे. पुतण्या संकेतस्थळावर बहुतेक वस्तू ‘टपालखर्च मोफत’ म्हणून लावायचा, म्हणजे खर्च किमतीतच मिळवलेला. शुल्क नव्हतं तोवर त्याने फरक पडत नव्हता. आता शुल्क मालाच्या किमतीवर बसतं, वाहतुकीवर नाही. ही ऑर्डर सुदैवाने सुट्या भावाची होती. पण त्याच सुमाराला १२० डॉलरला ‘मोफत’ गेलेल्या एका हेडलाइटच्या डोमवर त्याने पूर्ण १२० लिहिले, त्यातले वीस डॉलर टपालाचे होते. दहा डॉलर शुल्क विनाकारण गेलं. आता तो दोन्ही रकमा वेगळ्या दाखवतो.

कार्बोरेटरबाबत मात्र माझं मन अजून स्थिर नाही. हिशेबाने टपालच स्वस्त होतं, त्यामुळे निर्णय बरोबरच. तरीही इंग्लंडच्या वस्तूवर भारताचा दर भरला गेला. दोन-तीन गिऱ्हाइकांचे इंग्लिश पार्ट साठवून एकत्र कुरिअरने पाठवले असते तर? ते एकाच पत्त्यावर जायला हवेत, आणि मग तिथून वाटणारा कुणीतरी हवा. ओहायोच्या गिऱ्हाइकाने स्वतःहून तसं सुचवलं आहे. त्याच्या गावात जुन्या इंग्लिश गाड्यांची चार-पाच मंडळी आहेत, आणि सगळ्यांचं सामान आपल्या नावावर मागवून घ्यायला तो तयार आहे. मात्र मग आयात करणारा म्हणून कागदावर त्याचंच नाव लागेल आणि काही चुकलं तर उत्तर त्याला द्यावं लागेल. ही जोखीम त्याला नीट समजावून सांगायची आहे. पुतण्याने पत्राचा मसुदा केला आहे, माझ्याकडे तपासायला आला आहे.

काकांनी दरम्यान माळ्यावरची गाठोडी खाली काढली. प्रत्येक पार्ट खिडकीशी नेऊन, भिंग लावून, त्यावर काय ठोकलंय ते वाचतात. पुतण्या वहीत लिहितो. तीन रकाने आहेत: इंग्लंड, भारत, आणि ‘नक्की नाही’. परवापर्यंत एकशेबारा पार्ट झाले होते. तिसऱ्या रकान्यात चौतीस.